पाय चेपून घेणारा

आई माझ्या पायांना तेल लावते ते मला ऐकू येतं. आधी वाटी फरशीवर टेकते, मग तिच्या उजव्या हातातल्या दोन पाटल्या एकमेकींवर आपटतात, मग कोरड्या कातड्यावरून ओला तळवा सरकल्याची सरसर. बेंबीच्या खाली मला काही कळत नाही. तिचा हात पोटरीवर आहे की घोट्यावर, हे मी पाटल्यांवरून ठरवतो आणि मान उचलून खरंखोटं करून घेतो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघतो. इतक्या वर्षांचा सराव आहे.

पडलो तो २०१७ च्या मे महिन्याचा शेवट होता. वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते, माजघरात दोन ठिकाणी गळत होतं आणि कौलं परतायला माणूस मिळत नव्हता. शाळेला सुट्टी, म्हणून मीच चढलो. वळचणीचा एक वासा आतून कुजला होता. तो माझ्या वजनानं गेला आणि मी परसातल्या धुण्याच्या दगडावर पाठीवर आलो. गल्लीतली चौघं धावली. दोघांनी बगलेत हात घातले, दोघांनी पाय धरले आणि मला पोत्यासारखं उचलून जीपच्या मागच्या सीटवर दुमडून घातलं. मणका मोडलेल्या माणसाला फळीवर, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, सगळ्यांनी एकदम उचलून न्यायचं असतं, हे मला पुढे कळलं. त्या चौघांना मी ते अजून सांगितलेलं नाही. त्यांच्यातला एक दर दसऱ्याला सोनं द्यायला सगळ्यात आधी माझ्याकडे येतो.

कोल्हापुरात ऑपरेशन झालं. पाठीच्या दहाव्या मणक्याच्या वरखाली सळ्या आणि स्क्रू बसले, मणका सरळ झाला. आतला मज्जारज्जू जिथे चिरडला होता तिथे तसाच राहिला. हाड सांधतं, त्या दोरीचे तंतू परत जुळत नाहीत. डॉक्टरांनी हे मला तिसऱ्या दिवशी सांगितलं, आईला सांगितलं नाही. ते काम माझ्यावर आलं आणि मी ते बरेच महिने पुढे ढकललं.

गडहिंग्लजला घरी आल्यावर माणसं बघायला येऊ लागली. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे नारळ किंवा बिस्किटाचा पुडा न्यायचा आणि एक कारण न्यायचं. "मागल्या जन्मीचं कायतरी असंल," हे सगळ्यात जास्त वेळा आलं. "देव चांगल्या माणसाचीच परीक्षा बघतोय," हे दुसरं. मी हायस्कुलात मराठी आणि संस्कृत शिकवतो. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे कर्माचे तीन प्रकार मी मुलांना बाणांच्या दृष्टांतानं सांगत आलो होतो. भात्यातला बाण म्हणजे संचित, धनुष्याला लावलेला म्हणजे क्रियमाण, सुटून गेलेला म्हणजे प्रारब्ध. तो परत घेता येत नाही, लागेल तिथे लागेल. फळ्यावर हे फार सोपं दिसतं.

कर्मसिद्धांत खरा की खोटा, हे ठरवायची माझी लायकी नाही. पण खाटेवर पडून ऐकताना मला त्यातली एक अडचण दिसली. माझं प्रारब्ध मला लागलं असेल, पण त्या दिवसापासून माझं मलमूत्र सत्तरीच्या घरातली माझी आई काढत होती. हा बाण कुणाचा? एका नातेवाइकांना मी हे विचारलं. ते जरा विचार करून म्हणाले, "तिचंही काही असेल." म्हणजे तीही दोषी. माझी बायको एका वाडीवरच्या शाळेत शिकवते, पहाटे उठून सगळं आवरून एसटी पकडते. तीही दोषी. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याचंही काहीतरी निघालंच असतं. त्या हिशेबात आमच्या घरात निर्दोष एकच उरला, तो कुजलेला वासा.

आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना या चर्चेत रस नव्हता. त्या नदीपलीकडच्या गावातून स्कूटीवरून यायच्या, वय जेमतेम सत्तावीस. मी एकदा त्यांना बाणांचा दृष्टांत सांगायला लागलो. त्यांनी माझ्या दोन्ही हातांखाली लाकडी ठोकळे सरकवले. "सर, दंडावर जोर द्या. बूड गादीवरून उचललं पाहिजे. दहा वेळा. मोजा." मी चारवर कोसळलो. "उद्या पाच," त्या म्हणाल्या. क्रियमाण कर्म म्हणजे काय ते मला वीस वर्षं शिकवून जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या आठवड्यात कळलं. खांदे दुखत होते.

पाच महिन्यांनी माझा डावा पाय हलला.

दुपारची वेळ. आई चादर काढत होती, तर गुडघा एकदम वर आला आणि टाच गादीवर तीन-चारदा आपटली. आईनं चादर टाकली आणि देवघराकडे धावली. "हलला! पाय हलला माझ्या बाळाचा!" संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. तिनं काळभैरवाला नवस बोललेला होता, पाय हलला तर पाच नारळ आणि पुरणाचा नैवेद्य. दुसऱ्या रविवारी ती रिक्षा करून डोंगरावर जाऊन तो फेडून आली.

मॅडमनी त्याच दिवशी मला बाजूला घेऊन खरं सांगितलं होतं. बाजूला घेऊन म्हणजे आईला चहा करायला पाठवून. इजेच्या खालचा मज्जारज्जू मेलेला नसतो, मेंदूशी त्याचा संबंध तुटलेला असतो. स्नायू ताणला, थंड फरशी लागली, मूत्राशय भरलं, की खालच्या खाली निरोप फिरतो आणि पाय उडतो. याला झटका म्हणतात, सुधारणा म्हणत नाहीत. "उलट सर, पाय जास्तच उडायला लागले तर समजा, कुठंतरी काहीतरी बिघडलंय. तुम्हाला कळत नाही ते पाय सांगतोय."

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय की सगळी कर्मं प्रकृतीच्या गुणांकडून होतात आणि अहंकारानं भुललेला माणूस 'मी करतो' असं समजतो. हे मी अनेकदा शिकवलं होतं, त्यावर प्रश्न काढले होते, पाच गुणांना. आता माझ्याच अंथरुणात त्याचा नमुना पडला होता. मी पाय हलवायची इच्छा करत होतो, अगदी दात आवळून करत होतो, आणि पाय हलत नव्हता. मी इच्छा केलेली नसताना तो हलत होता. इच्छा एकीकडे, क्रिया दुसरीकडे, आणि मधल्या चिरडलेल्या जागेत 'मी' नावाचं काहीतरी. याला मुक्ती म्हणायची असेल तर ती मला नको होती.

आईला मी खरं सांगितलं नाही. तिचा नवस फिटला होता, मी कोणत्या तोंडानं सांगणार? सात-आठ महिन्यांनी काही कारणानं विषय निघाला आणि मी चाचरत बोलायला लागलो, तर ती म्हणाली, "मला ठाव हाय. त्या बाईनं चहाच्या वक्ताला सैपाकघरात येऊन सांगितलं हुतं."

"मग नारळ कशाला फोडलेस?"

"पाय हलला तर, असं बोलले हुते. हलला न्हवं? तू चालला तर, असं न्हाई बोलले. देवाशी खोटं वागायचं न्हाई."

शब्दार्थाच्या बाबतीत एवढी काटेकोर बाई मी दुसरी पाहिली नाही.

ती पाय चेपते त्याची गोष्ट अशी आहे. मॅडमनी सुरुवातीलाच तिला सांगितलं की तेलानं मज्जारज्जू जागा होत नाही. तेल कातड्याला, हालचाल सांध्याला. घोटा, गुडघा आणि खुबा रोज दहा-दहा वेळा पूर्ण फिरवायचा, नाहीतर सांधे आखडतात आणि पुढे खुर्चीतही बसता येत नाही. हाडाच्या उंचवट्यावर जोरात चोळायचं नाही. आईनं हे सगळं ऐकलं, पाळलं, आणि वर तेल लावणंही चालू ठेवलं. तिचा क्रम ठरलेला आहे. सकाळी देवांना अंघोळ, गंध, फूल. मग माझे पाय. कोमट पाण्यात पिळलेला पंचा, मग तेल, मग धुतलेला पायजमा. षोडशोपचारातले चार-पाच उपचार तरी माझ्या पायांना रोज मिळतात. आणि ते पाय देवांसारखेच, मिळाल्याची काही खूण देत नाहीत.

देवाला आपली पूजा पोचते का, हा प्रश्न मला देवघरासमोर बसून कधी पडला नव्हता. पाटल्यांचा आवाज ऐकताना पडला. कारण या व्यवहारात मूर्तीच्या बाजूला मी आहे, आणि मूर्तीच्या बाजूनं खात्रीनं सांगतो, स्पर्श पोचत नाही. कोमट पाणी पोचत नाही. तिचा हात थकलाय हेही पोचत नाही.

आपल्या परंपरेत सेवेबद्दल रग्गड लिहून ठेवलंय. पण ते सगळं सेवा करणाऱ्याबद्दल. हनुमानाबद्दल, श्रावणबाळाबद्दल, पुंडलिकाबद्दल. पुंडलिक आईबापाचे पाय चेपत बसला होता, देव दारात आला, यानं मागे न वळता वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव अजून थांबलाय, अठ्ठावीस युगं झाली. सगळा महाराष्ट्र त्या गोष्टीवर पायी चालतो. पण ज्यांचे पाय चेपले जात होते ती दोन म्हातारी माणसं त्या वेळी काय विचार करत होती? देव दारात उभा आहे हे त्यांना दिसत होतं की नाही? 'अरे बाबा, उठ, आमचं नंतर बघ,' असं म्हणावंसं त्यांना वाटलं का? कथांमधून त्यांची नावं जानुदेव आणि सत्यवती अशी येतात. जानु म्हणजे गुडघा. हा योगायोग मला संस्कृतचा मास्तर म्हणून गंमतीचा वाटतो. नावापलीकडे त्यांना काही नाही. श्रावणाचे आईबाप निदान शेवटी बोलतात, तेही शाप द्यायला.

मी हे एकदा जेवताना बोललो. बायको भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आणि पुंडलिकाची बायको काय करत होती तेव्हा?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

सेवा घेणाऱ्याचा धर्म कोणता, हा तेव्हापासून माझा प्रश्न झाला. त्यावर वाचायला फार काही मिळालं नाही. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' आणून दिलं. स्वतः खुर्चीत असलेल्या या बाईंनी १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली, अपंगांच्या शिक्षणाची, राहण्याची आणि कामाची सोय केली. म्हणजे त्यांनी सेवा घेणं संपवून देणं सुरू केलं. पुस्तक मी दोनदा वाचलं. त्याआधी 'तू पण काहीतरी मोठं करून दाखव' असं सांगणाऱ्यांनी मला इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांची गोष्ट ऐकवून झाली होती. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग गेलं आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक आणलं. थोर माणूस. पण मला पडायच्या आधीही पोहता येत नव्हतं.

माझ्या प्रश्नाजवळ मला नेलं ते एका वेगळ्याच माहितीनं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जू तुटलेली माणसं बहुतेक काही महिन्यांत, फार तर वर्षा-दोन वर्षांत मरत. ती पाय गेल्यामुळे मरत नसत, अंथरुणाला पाठ लागून झालेल्या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गानं मरत. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल इथे लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरांनी असल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. जर्मनीतून जीव वाचवून आलेला हा ज्यू माणूस. त्यांच्याकडे चमत्कारी औषध नव्हतं. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची, हा त्यांचा कडक नियम होता. माणसं जगू लागली. पुढे त्यांनी त्यांच्या हातात धनुष्यबाण दिले, १९४८ मध्ये सोळा जणांची स्पर्धा घेतली, आणि त्यातून आजचं पॅरालिंपिक उभं राहिलं. पण माझ्या लेखी त्यांचं मोठेपण त्या दोन तासांत आहे.

पहिलं वर्षभर रात्री अकरा, एक, तीन आणि पाचला मोबाईलचा गजर व्हायचा. कधी आई, कधी बायको उठून मला वळवायची. भाद्रपदातल्या शुद्ध एकादशीला परिवर्तिनी म्हणतात. आषाढीला झोपलेला विष्णू त्या दिवशी कूस बदलतो. दोन महिन्यांनी एकदा! शेषाची गादी बरी असणार. मला हे रात्री तीनला आठवून हसू आलं आणि बायकोला वाटलं मी रडतोय. आता मी स्वतः वळतो, पलंगाला बांधलेल्या दोरीला धरून. लघवीची नळी दर चार-पाच तासांनी स्वतः घालतो आणि काढतो. आधी हात साबणानं, मग नळी, मग मोजपात्र, मग वहीत नोंद. हेही संध्येसारखं आहे, वेळ चुकली तर प्रायश्चित्त तापाच्या रूपानं येतं. रोज अर्धा तास मी उभाही राहतो. सुतारानं सागवानी चौकट करून दिली आहे, गुडघ्यांना आणि कमरेला पट्टे. उभं राहिल्यानं झटके कमी होतात. पहिल्यांदा उभा केला तेव्हा समोरच्या भिंतीवर विठोबाचं कॅलेंडर होतं आणि बायको म्हणाली, "आता तेवढे हात कमरेवर ठेवा." हात सोडले असते तर पुढे पडलो असतो. त्याला पट्टे लागत नाहीत.

खुर्ची घरात फिरायची तर उंबरा कापायला हवा होता. यावर आमच्याकडे दोन आठवडे कुणी काही बोललं नाही. उंबऱ्यावर लक्ष्मी असते, त्यावर बसायचं नाही, पाय द्यायचा नाही, सणाला हळदकुंकू वाहायचं. त्याला करवत कशी लावायची? शेजारचे आप्पा लिंगायत. एका संध्याकाळी ते कट्ट्यावर बसले होते. बाराव्या शतकातल्या बसवण्णांचं एक प्रसिद्ध वचन आहे, त्यात पायांना देवळाच्या खांबांची उपमा दिली आहे आणि स्थावर मोडतं, जंगम टिकतं असा त्याचा रोख आहे. आप्पांनी ते कानडीत म्हटलं, मग माझ्या पायांकडे बघून ओशाळले. मी म्हटलं, "आप्पा, माझे खांब पडले की."

ते जरा वेळ गप्प बसले. "खांब स्थावरच न्हवं सर?" म्हणाले. "तुमची खुर्ची जंगम झाली."

उंबरा दुसऱ्या दिवशी कापला. त्या जागी सिमेंटचा उतार केला आणि आई आता त्या उतारावर रांगोळीची दोन पावलं काढते, आत येणारी. मी बाहेर जाताना ती चाकाखाली पुसली जातात. परत येतो तेव्हा माझ्या चाकांवर पांढरी रेघ असते.

हे सगळं सांगितलं ते बरं बरं. आता माझ्या चुकीकडे येतो.

२०१९ चा ऑगस्ट. कोल्हापूर जिल्हा पाण्यात होता, हायवे बंद. इकडे हिरण्यकेशी चढली, भडगावचा पूल पाण्याखाली गेला, आणि मॅडम पलीकडे अडकल्या. नऊ दिवस. शाळा बंद, घर ओलं, मी दिवसभर खुर्चीत बसून मोबाईलवर पुराची चित्रं बघत होतो. खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी दंडावर जोर देऊन बूड उचलायचं असतं, म्हणजे दबलेल्या कातड्यात पुन्हा रक्त फिरतं. ते मी कधी केलं, कधी नाही. रात्री झोपताना बैठकीच्या हाडांवरची कातडी लांब दांड्याच्या आरशात बघायची, लाल दिसली तर दुसऱ्या दिवशी बसायचं नाही, हा दुसरा नियम. तो मी कधीच आईवर सोपवला होता. आरसा धरायचा मला कंटाळा यायचा. खरं म्हणजे त्या आरशात जे अंग दिसतं ते बघायचं मला नको असायचं. मी पालथा व्हायचो आणि विचारायचो, "लाल आहे का काही?" ती म्हणायची, "काय न्हाई. बरं हाय."

पाचव्या-सहाव्या दिवसापासून पाय फार उडायला लागले. मॅडमनी सांगितलेलं होतं. मी म्हटलं, गारठ्यानं असेल.

दहाव्या दिवशी पूल मोकळा झाला, मॅडम आल्या, मला वळवलं आणि म्हणाल्या, "सर, हे कधीपासून?" जखम वरून रुपयाएवढी होती, आत बोट जाईल एवढी. ती भरून यायला साडेतीन महिने लागले आणि तेवढे दिवस मी पालथा होतो. बसायचं नाही म्हणजे नाही. पालथ्यानं जेवायचं, पालथ्यानं वह्या तपासायच्या.

पालथं पडल्यावर आई पाय चेपताना मला दिसत नव्हती. मान उचलून खरंखोटं करायची सोय गेली. उरलं ते नुसतं ऐकणं, आणि तेव्हा मला ऐकू आलं. आधी तिचा श्वास. दर चार-पाच चेपण्यांनंतर ती थांबून दम घेते, हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं. मग एके दिवशी पाटल्या वाजल्या आणि थांबल्या, तिचा तळवा फरशीवर फिरायला लागला, इकडून तिकडे, पुन्हा इकडे, आणि वाटी लवंडली.

"आई, तुला वाटी दिसत नाही?"

काही आवाज नाही. मग, "जरा धुरकट दिसतंय."

"कधीपासून?"

"झालं की तीन वर्सं. तू पडायच्या आदल्या दिवाळीपासनं."

"सांगितलं का नाहीस?"

"कोल्हापूरच्या खेपा तुझ्यासाठी चालल्या हुत्या. त्यात माझी कुठं घालू?"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रोज रात्री ती माझ्या कातडीकडे डोळे लावून 'बरं हाय' म्हणत होती, आणि तिला लाल आणि सावळा यातला फरक दिसत नव्हता. तिला दिसत नव्हतं, मला कळत नव्हतं, आणि दोघांनीही ते एकमेकांपासून लपवलं होतं.

सांख्य दर्शनात याच जोडीचा एक दृष्टांत आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, एकविसाव्या कारिकेत. पुरुष म्हणजे आत्मा. तो बघतो पण काही करत नाही, म्हणून पांगळा. प्रकृती सगळं करते पण तिला जाणीव नाही, म्हणून आंधळी. दोघांचा संयोग पांगळा आणि आंधळा यांच्यासारखा. भाष्यकार गौडपाद गोष्ट फुलवून सांगतात की रानात तांड्यावर दरोडा पडला, सोबतीचे पळाले, हे दोघे मागे राहिले. आंधळ्यानं पांगळ्याला खांद्यावर घेतलं, पांगळ्यानं वाट दाखवली, दोघे घरी पोचले. एम.ए.ला असताना मला हा दृष्टांत फार सुबक वाटला होता. पालथं पडल्या पडल्या त्यातली एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. पांगळा वाट बघून सांगत होता, हे त्यात गृहीत धरलंय. तो खांद्यावर बसून मोबाईल बघत नव्हता. आंधळ्याला दिसत नाही, हे तर त्याला पहिल्या पावलापासून माहीत होतं.

सांख्यांचा पुरुष साक्षी असतो, म्हणजे नुसता पाहणारा. माझी तक्रार अशी होती की मला नुसतं पाहणारा करून ठेवलंय. ती तक्रार खोटी होती. मी तेवढंही करत नव्हतो. तिच्या हाताखाली माझं कातडं आहे की देवघरातला दगड, याचा विचार मी दोन वर्षं केला, पण हात कुणाचा आहे, तो किती थकलाय, त्याच्यामागच्या डोळ्यांना काय दिसतं, हे मान उचलून बघितलं नाही. बघितलं ते फक्त माझे पाय. जानुदेव आणि सत्यवतीनं काय केलं असेल ते आता मला थोडंसं सुचतं. त्यांनी बहुधा पुंडलिकाच्या चेहऱ्याकडे बघितलं असेल. दारातल्या देवाकडे नाही, आपल्या पायांकडेही नाही. गोष्ट लिहिणाऱ्याला त्यात काही घडल्यासारखं वाटलं नाही, म्हणून त्यानं ते लिहिलं नसेल.

मी बसायला लागल्यावर पहिली खेप आईच्या उजव्या डोळ्याची केली. मी बरोबर गेलो, खुर्ची जीपच्या टपावर बांधून. आरसा आता मी स्वतः धरतो, रोज रात्री. वाकलेलं, सुकलेलं, माझंच अंग बघतो आणि लाल आहे की नाही ते मोठ्यानं सांगतो. तिला आता दिसतं, तरी ती दाराशी उभी राहून ऐकते.

डावा डोळा तिनं बरीच वर्षं टाळला. गेल्या महिन्यात झाला. थेंब घालायचं काम माझ्याकडे आहे, कारण घरात हात स्थिर असलेला मीच. ती खुर्चीसमोर चौरंगावर पाठमोरी बसते आणि डोकं मागे टेकून माझ्या मांडीवर ठेवते. मांडीला वजन कळत नाही. म्हणून मी आधी दंडावर जोर देऊन एकदा बूड उचलून घेतो, घड्याळ बघतो, साबणानं धुतलेल्या हातानं तिची खालची पापणी ओढतो. पहिला थेंब हमखास गालावर जातो. ती म्हणते, "वरनं नगं, जवळनं घाल." दुसरा आत पडतो. मग पाच मिनिटं डोळा मिटून ती तशीच पडून राहते आणि मी हलत नाही.

पहिल्या आठवड्यात सहा वेळा होते, मग पाच. सध्या चार वेळा चालू आहेत. सोमवारपासून तीन.